आधी पोर्ट बघा, मग डिस्क घ्या



सिनेगॉगच्या अंगणात, लग्नाच्या हॉलमध्ये, कुपत खोलीमच्या बाकावर, जिथे जाईन तिथे सध्या एक प्रश्न कानावर येतो. "सिस्टर, फोटो जपून ठेवायला बाहेरची हार्ड डिस्क घ्यायची आहे, कुठली घेऊ?" मी उलट विचारते, "तुमच्या कॉम्प्युटरला पोर्ट कुठले आहेत?" यावर बहुतेकांचे उत्तर ठरलेले, "ते कुणी बघितलंय?" तर या वेळी तेच बघू या. डिस्क कुठल्या कंपनीची, काळी का निळी, हे सगळे नंतर. आधी आपल्या घरातल्या कॉम्प्युटरच्या कडेला जी चौकोनी-लांबट भोकं आहेत, ती नीट ओळखायची. एवढे केले की दुकानात फसायला होत नाही आणि घरी आल्यावर डोक्याला हात लावून बसायची पाळी येत नाही.

हा विषय आत्ताच का काढला, तेही सांगते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला. त्यामुळे पुष्कळ घरांत मुले-नातवंडे म्हणत आहेत, "सबता, हा जुना मख्शेव आता टाकून द्या." टाका हो, पण त्याच्या पोटात काय आहे ते बाहेर काढून मग टाका. दुसरे कारण जास्त गंभीर. जून 2025 मध्ये इराणची क्षेपणास्त्रे इथल्या शहरांतल्या घरांवर पडली. सायरन वाजला की मामादकडे पळताना माणूस नातवाला उचलतो, औषधाची पिशवी घेतो, चष्मा घेतो. लॅपटॉप कोण उचलणार? आणि उचलूही नये, जीव आधी. म्हणूनच त्यातल्या वस्तूंची दुसरी प्रत आधीपासून दुसरीकडे असली पाहिजे.

कसल्या वस्तू म्हणाल तर बघा. रेवदंड्याच्या किंवा अलिबागच्या वाड्यासमोर बसलेल्या पणजोबांचा एकुलता एक फोटो, जो कुणीतरी स्कॅन करून ठेवला आहे. आईवडिलांची केतुबा. मेंदीच्या रात्री म्हाताऱ्या बायकांनी म्हटलेली मराठी गाणी. मलिद्याच्या वेळचा व्हिडिओ, ज्यात आता हयात नसलेली चार माणसे ताटाभोवती बसलेली दिसतात. हे बाजारात पुन्हा विकत मिळत नाही. आणि कॉम्प्युटरमधली डिस्क एक दिवस बंद पडते, हे नक्की. ती कधी पडेल एवढेच आधी कळत नाही.

यूएसबी म्हणजे काय?

पूर्वी कॉम्प्युटरच्या पाठीमागे प्रत्येक वस्तूला वेगळे तोंड असे. छपाईच्या मशीनला एक, माऊसला दुसरे, कीबोर्डला तिसरे. सगळ्यांना मिळून एकच तोंड असावे म्हणून 1996 मध्ये यूएसबी आले. इंटेल कंपनीत ज्यांनी हे काम पुढे नेले त्यांतले एक अजय भट्ट, आपल्या भारतातले, बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले. आणि इस्रायलचाही यात वाटा आहे बरं का! सगळे ज्याला इथे "डिस्क-ऑन-की" म्हणतात, ती बोटाएवढी वस्तू 2000 साली बाजारात आणली ती कफार साबाच्या एम-सिस्टम्स कंपनीने. दोव मोरान हे तिचे संस्थापक. जगात इतरत्र लोक तिला पेन ड्राइव्ह म्हणतात, आपण मात्र तिच्या जन्मनावानेच हाक मारतो.

मुलांनो, तुमच्या घरच्या केबलवर एक त्रिशूळासारखी खूण शोधा. त्रिशूळाच्या एका टोकाला गोल, एका टोकाला त्रिकोण आणि एका टोकाला चौकोन असतो. ती यूएसबीची खूण. आकार वेगवेगळे, पण देठ एकच, असा तिचा अर्थ घ्यायचा.

आता गंमत अशी की एकच तोंड असावे म्हणून सुरू झालेल्या या गोष्टीला पुढच्या वर्षांत पुन्हा अनेक तोंडे आणि अनेक वेग फुटले. हॉस्पिटलात ऑक्सिजनची नळी आणि साध्या हवेची नळी यांची तोंडं मुद्दाम अशी बनवतात की एक दुसऱ्याच्या जागी बसूच नये. बसलं तर ते बरोबरच, असा तिथला भरवसा. यूएसबीत तसं नाही. इथे आकार जुळला म्हणजे सगळं जुळलं असं नसतं. म्हणून चार गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या: आकार, वेग, वीज आणि डिस्कची आतली मांडणी. एकेक घेऊ.

पहिली गोष्ट: आकार

कॉम्प्युटरच्या बाजूचे आकार मुख्यत: दोन. एक जुना, लांबट चौकोनी, ज्यात डिस्क-ऑन-की जाते. त्याला ए म्हणतात. तो एकाच बाजूने बसतो, म्हणून आपण एकदा सुलटा, एकदा उलटा करून बघतो. दुसरा नवा, लहान, दोन्ही कडांना गोलसर, कसाही घातला तरी बसतो. त्याला सी म्हणतात. हा 2014 मध्ये आला. आजचे बहुतेक फोन त्यावरच चार्ज होतात, त्यामुळे तो ओळखायला सोपा.

डिस्कच्या बाजूला आणखी एक आकार दिसतो: रुंद, चपटा, मधे खाच असलेला, जणू दोन तोंडं शेजारी शेजारी चिकटवली आहेत. खिशात मावणाऱ्या पुष्कळ हार्ड डिस्कांना हाच असतो. त्याची केबल जपून ठेवा. हरवलीच तर एक युक्ती सांगते. जुन्या अँड्रॉइड फोनच्या चार्जरची बारीक मायक्रो केबल याच्या रुंद भागात बसते. डिस्क चालते, फक्त सावकाश. वेळेला उपयोगी पडते. पण हे तोंड नाजूक आहे, केबल वाकडी करून ओढू नका. काही डिस्कांत हे तोंड आतल्या पट्टीवरच डाग देऊन बसवलेले असते. ते मोडले तर आतला मजकूर काढणे अवघड आणि खर्चिक होते.

दक्षिणेकडच्या एका गावातल्या आपल्या एका वाचकांनी मध्यंतरी फोन केला. त्यांनी नवी डिस्क आणली, तिच्या केबलला सी तोंड. त्यांचा लॅपटॉप 2011 चा, त्याला फक्त ए. नातू म्हणाला, "सबा, लॅपटॉपच बाद झाला, फेकून द्या." त्या लॅपटॉपमध्ये त्यांच्या दिवंगत पत्नीच्या आवाजातली गाणी होती, शब्बाथच्या हल्ल्याची कणीक मळताना म्हटलेली. दुसरी प्रत कुठेही नाही. मी सांगितले, काही फेकू नका. एका टोकाला ए आणि दुसऱ्या टोकाला सी अशी साधी केबल मिळते, ती घेऊन या. दुसऱ्या दिवशी गाणी नव्या डिस्कवर गेली. एका केबलीचा प्रश्न होता, आणि तेवढ्यावरून ती गाणी कचऱ्यात जाणार होती.

तेव्हा लक्षात ठेवा, आकार जुळत नसेल तर बहुतेक वेळा केबलने किंवा छोट्या जोडणीने काम भागते. हिब्रूत जुळणाऱ्याला "मातिम" म्हणतात आणि जोडणीला "मातेम". दोन्ही शब्द एकाच घरातले. पण जोडणीपेक्षा योग्य टोकांची केबलच बरी. सांधे जितके कमी, तितका बिघाड कमी.

एक सावधानी. सी आकाराच्या तोंडाशेजारी विजेच्या कडाडण्यासारखी खूण असेल तर ते थंडरबोल्ट असू शकते. थंडरबोल्टच्या सी तोंडात यूएसबीची डिस्क चालते. उलट मात्र नेहमी खरे नाही. फक्त थंडरबोल्टसाठी बनवलेली महाग डिस्क साध्या यूएसबी-सी तोंडात आकाराने बसते, पण काही वेळा चालत नाही. घरच्या फोटोंसाठी तिची गरजही नाही.

दुसरी गोष्ट: वेग

यूएसबीचे जुने-नवे प्रकार एकमेकांशी बोलतात, ही फार चांगली सोय आहे. नवी डिस्क जुन्या पोर्टाला लावली तर चालते, जुनी डिस्क नव्या पोर्टाला लावली तरी चालते. फक्त दोघांत जो सावकाश, त्याच्या चालीने काम होते. आजोबा आणि नातू हात धरून चालले की चाल आजोबांचीच.

यूएसबी 2.0 हे 2000 साली आले. त्याचा कागदावरचा वेग सेकंदाला 480 मेगाबिट. प्रत्यक्षात फाइल उतरवताना सेकंदाला 30 ते 40 मेगाबाइट मिळतात. यूएसबी 3.0 हे 2008 मध्ये आले, कागदावर 5 गिगाबिट, म्हणजे दहापट. पण खिशातल्या साध्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी गरगर फिरत असते, आणि तिचा स्वत:चाच वेग सेकंदाला साधारण 100 ते 140 मेगाबाइट. म्हणून पोर्ट त्याहून कितीही वेगवान असला तरी अशी डिस्क तेवढीच धावणार.

घरगुती हिशेब करू. समजा तुमच्याकडे 500 गिगाबाइट फोटो आणि व्हिडिओ आहेत. यूएसबी 2.0 वर त्याला सुमारे चार तास लागतील. यूएसबी 3.0 वर सव्वा तासाच्या आसपास. हजारो लहान लहान फोटो असतील तर दोन्हीकडे जास्त वेळ. आपल्याला याचा अर्थ काय? हिवाळ्यातल्या शुक्रवारी चार-सव्वाचारला मेणबत्त्या लावायची वेळ होते. जुन्या पोर्टावर दुपारी दोनला काम सुरू केले तर ते शब्बाथच्या आत संपणार नाही, आणि मग अर्ध्यात केबल ओढायचा मोह होईल. पहिला मोठा बॅकअप रविवारी सकाळी लावा. पुढच्या वेळी फक्त नवे फोटो घालायचे असतात, ते काही मिनिटांत होते.

वेगवान पोर्ट ओळखायचा कसा? ए तोंडाच्या आतली प्लॅस्टिकची जीभ बघा. निळी असेल तर बहुधा 3.0. काळी किंवा पांढरी असेल तर बहुधा 2.0. बहुधा म्हणते, कारण रंगाची सक्ती नाही. काही कंपन्या वेगवान पोर्टही काळाच ठेवतात. काही ठिकाणी शेजारी त्रिशूळाबरोबर एसएस ही दोन अक्षरे असतात, नाहीतर 5, 10, 20 असे आकडे. तो आकडा गिगाबिटांचा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून यूएसबीच्या यादीत 3.0 असे लिहिलेले दिसते का, तेही बघता येते. मॅकमध्ये सिस्टम रिपोर्टात यूएसबी असा भाग आहे.

खोक्यावरच्या नावांनी मात्र गोंधळून जाऊ नका. जे आधी यूएसबी 3.0 होते, त्यालाच नंतर 3.1 जेन 1 आणि पुढे 3.2 जेन 1 अशी नावे मिळाली. माणूस तोच, नावे तीन. म्हणून नाव वाचू नका, गिगाबिटांचा आकडा वाचा. 5 लिहिले असेल तर साध्या हार्ड डिस्कसाठी ते पुरून उरते. 20 लिहिलेल्या डिस्कला जास्त पैसे देऊन ती जुन्या पोर्टाला लावणे म्हणजे मोटारगाडी घेऊन ती बैलाला जुंपणे.

आता एसएसडी नावाच्या डिस्का मिळतात. त्यांत फिरणारी तबकडी नसते. त्या हलक्या, पडल्या तरी सहसा टिकतात, आणि 10 गिगाबिटच्या पोर्टावर चांगल्यापैकी एसएसडी सेकंदाला हजार मेगाबाइटपर्यंत जाते. हात थरथरत असेल, वस्तू निसटत असतील, तर एसएसडी घ्यावी. पण ती विजेशिवाय वर्षानुवर्षे कपाटात ठेवून द्यायला योग्य नाही, अधूनमधून लावावी. कमी पैशात जास्त जागा हवी असेल तर साधी हार्ड डिस्क.

केबलकडेही बघा. फोन चार्ज करायच्या पुष्कळशा सी केबली आतून 2.0 च्याच असतात. डिस्कसोबत आलेली केबल डिस्कलाच ठेवा, तिला रंगीत धागा बांधा, म्हणजे कुणी फोनसाठी पळवणार नाही. आणखी एक बारीक गोष्ट. निळ्या ए पोर्टात केबल फार हळूहळू सरकवली तर कधी कधी कॉम्प्युटर तिला 2.0 समजून बसतो. असे झाले तर नीट काढून परत एका दमात घाला.

तिसरी गोष्ट: वीज

डिस्कला चालायला वीज लागते. खिशातली 2.5 इंची डिस्क ती केबलमधूनच घेते. यूएसबी 2.0 चा पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, 3.0 चा 900. काही डिस्कांना सुरू होताना जास्त ओढ लागते. मग जुन्या पोर्टावर दिवा लागतो, आतून टिकटिक आवाज येतो, आणि डिस्क काही दिसत नाही. अशा वेळी दुसऱ्या पोर्टाला लावून बघा. टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर असेल तर पुढच्यापेक्षा मागचे पोर्ट चांगले. एका भोकाची चार भोकं करणारी जी पेटी मिळते, तिला स्वत:ची वीज नसेल तर त्यावर डिस्क लावू नका. चार जणांत एक भाकरी वाटल्यासारखे होते.

दुसऱ्या पोर्टावरही टिकटिक चालूच राहिली तर मात्र डिस्क आजारी आहे असे समजा. पुन्हा पुन्हा लावून बघू नका. बंद ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

मोठी 3.5 इंची डिस्क केबलच्या विजेवर चालतच नाही. तिला भिंतीत लावायचा वेगळा अडॅप्टर लागतो, सहसा 12 व्होल्टचा. तो तिचाच वापरा. दुसऱ्या कुठल्या यंत्राचा अडॅप्टर आकाराने बसला म्हणून लावलात तर डिस्क जळू शकते. इथेही तेच, बसले म्हणजे जुळले नव्हे. अमेरिकेतून किंवा मुंबईहून कुणी अशी डिस्क आणली तर अडॅप्टरवर 100 ते 240 व्होल्ट लिहिले आहे का ते वाचा. असेल तर फक्त भिंतीच्या प्लगची जोडणी घ्या, काम झाले. आपल्या वयाच्या माणसांना मात्र मी लहान 2.5 इंचीच सुचवीन. वायरी कमी, अडखळून पडायची भीती कमी.

चौथी गोष्ट: आतली मांडणी

तोंड जुळले, वेग जुळला, वीज पुरली, तरी एक गोष्ट उरते. कॉम्प्युटरला डिस्कवरचे लिखाण वाचता आले पाहिजे. आपल्याच घरात कुणी मराठी वाचतो, कुणाला फक्त हिब्रू येते, तसेच हे. विंडोजची नेहमीची मांडणी एनटीएफएस. मॅक ती वाचतो, पण वेगळे सॉफ्टवेअर घातल्याशिवाय तिच्यावर लिहीत नाही. तुमच्याकडे विंडोज आणि मुलीकडे मॅक असेल तर एक्सफॅट नावाची मांडणी घ्या, ती दोघांनाही वाचता-लिहिता येते. फॅट32 ही जुनी मांडणी टाळा, तिच्यात 4 गिगाबाइटहून मोठी एकच फाइल मावत नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ सहज त्याहून मोठा असतो.

मांडणी बदलण्याला फॉरमॅट करणे म्हणतात. फॉरमॅट केले की डिस्कवरचे पुसले जाते. म्हणून हे फक्त नव्या, रिकाम्या डिस्कवर करायचे. फोटो भरलेली डिस्क नव्या कॉम्प्युटरला लावली आणि पडद्यावर "फॉरमॅट करू का?" असे आले, तर घाईने "हो" दाबू नका. "नाही" दाबा, केबल काढा आणि नातवंडांना हाक मारा.

फार जुने विंडोज असेल तर हेही सांगून ठेवते. विंडोज 7 आणि त्याआधीच्यांत यूएसबी 3.0 साठी लागणारे सॉफ्टवेअर मुळात नव्हते, ते कॉम्प्युटर कंपनी वेगळे घालून देत असे. 2012 च्या विंडोज 8 पासून ते आतच आले. त्यामुळे जुन्या मशीनवर निळा पोर्ट चालला नाही तर काळ्या पोर्टाला लावा. सावकाश का होईना, फोटो बाहेर येतील.

डिस्कवर 1 टेराबाइट लिहिले आणि विंडोजमध्ये 931 दिसले, तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या पटीत. वजन तेच, मापे दोन.

मुलांनो, हे काम तुमचे

आजी-आजोबांना खाली वाकून बघायला त्रास होतो. तुमचे डोळे चांगले आणि गुडघेही. एक कागद घ्या, फोनचा दिवा लावा आणि ही पाच उत्तरे लिहून आणा.

1. ए आकाराची तोंडं किती? सी आकाराची किती?
2. ए तोंडाच्या आत जीभ कुठल्या रंगाची?
3. शेजारी एसएस, विजेची खूण किंवा एखादा आकडा आहे का?
4. कॉम्प्युटर विंडोज आहे का मॅक? कितवा?
5. फोटो आणि व्हिडिओ मिळून किती गिगाबाइट? डिस्क त्याच्या निदान दुप्पट हवी.

सगळ्या तोंडांचा फोनवर एक फोटोही काढा. दुकानात आजोबांना शब्द सुचला नाही तरी फोटो दाखवता येतो. आणि हे सगळे बघताना आजीला एक प्रश्न विचारा, "या फोटोत कोण कोण आहे?" उत्तर फाइलच्या नावात मराठीत लिहून टाका. नाव नसलेला फोटो जपून ठेवला तरी पन्नास वर्षांनी तो कुणाचा हे कोण सांगणार?

दुकानात गेल्यावर

कागद खिशात ठेवा. दुकानदाराला सांगा, "दिस्क काशिअख खित्सोनी" हवी, म्हणजे बाहेरची हार्ड डिस्क. फोटो दाखवून विचारा, "झे मातिम?" हे जुळते का? नुसती मान हलवून "कें, कें" म्हणाला तर समाधान मानू नका. खोक्याच्या पाठीवर केबलीची दोन्ही टोके छापलेली असतात, ती त्याच्यासमोर तुमच्या फोटोशी ताडून बघा. केबल खोक्यात आहे ना, विचारा. "अखरायुत" किती वर्षांची, विचारा, आणि पावती जपा. मात्र ती हमी डिस्कची असते, फोटोंची नव्हे. डिस्क बिघडली तर नवी डिस्क देतील, आतली आजी परत देणार नाहीत.

घरी आल्यावर

डिस्क लावा, फोटो उतरवा, आणि मग त्यातले चार-पाच फोटो आणि एखादा व्हिडिओ डिस्कवरून उघडून बघा. औषध दिले म्हणजे काम संपत नाही, लागू पडले का ते बघावे लागते. काढताना आधी पडद्यावरून डिस्क बंद करा, मग केबल ओढा. डिस्क फिरत असताना ती उचलू किंवा हलवू नका.

आणि नवी डिस्क आली म्हणून कॉम्प्युटरवरचे फोटो पुसू नका. पुसले तर पुन्हा एकच प्रत राहिली, फक्त जागा बदलली. जाणकार लोक तीन प्रती ठेवायला सांगतात, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आपल्याला जमेल असे सांगते. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक तुमच्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलाकडे किंवा बहिणीकडे. तुम्ही अश्दोदला असाल तर तिची डिमोनाला, ती डिमोनाला असेल तर तिची तुमच्याकडे. देवाणघेवाण केली तर कुणाला भार नाही.

वर्षातून दोनदा तरी नवे फोटो घाला. तारीख लक्षात राहत नसेल तर सण धरा. पेसाहच्या आधी घर साफ करतोच, तेव्हा एकदा, आणि रोश हशानाच्या आधी एकदा. साधारण पाच वर्षांनी डिस्क नवी घ्या आणि जुन्यावरचे सगळे तिच्यावर उतरवा. तेव्हाही पहिले काम तेच, वाकून पोर्ट बघायचे.

शेवटी एवढेच सांगते. पोर्ट जुना आहे, वेग कमी आहे, म्हणून थांबून राहू नका. चार तास लागले तर चार तास लागू देत. मधे चहा होतो, जेवण होते, एक झोपही होते. वेळ जास्त लागल्याने कुणाचा फोटो गेलेला नाही. "पुढच्या महिन्यात बघू" म्हणता म्हणता मात्र पुष्कळ घरांतले गेले आहेत.

तुमचा कागद भरून झाला आणि काही अडले, तर सिनेगॉगमध्ये मला गाठा. कागद आणि फोटो दोन्ही घेऊन या.

सर्वांना प्रेमळ शालोम,
तुमची सिस्टर